सायलीचं नाव मी दिलं

राज्याच्या निवड चाचणीनंतर आमच्या मोकल सरांनी दोन नावं वाचली. पहिलं माझं, दर्शना. त्याखाली राखीव म्हणून सायली. मुलींच्या सतरा वर्षांखालच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचं शिबिर होणार होतं आणि आमच्या राज्यातून लेफ्ट विंगला, डाव्या कडेने खेळायला, एकच मुलगी जाणार होती. सायलीने सगळ्यांसमोर मला मिठी मारली. मिठी मारताना तिचे हात लाकडासारखे कडक झाले होते. ते मला जाणवलं आणि खरं सांगते, बरं वाटलं.

मी पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातली. बाबा रोह्याला एका केमिकल कंपनीत शिफ्टला जातात, आई हमरापूरच्या कारखान्यात गणपती रंगवते. सायली रोह्याची, तिचे वडील बाबांच्याच कंपनीत. मोकल सर रोह्याला मुलींचा सराव घ्यायचे, म्हणून शनिवार-रविवार मी बाबांबरोबर जायची आणि सायलीच्या घरी राहायची. आम्ही एका गोधडीत झोपायचो, एका बाटलीचं पाणी प्यायचो, तिच्या आईने केलेलं वालाचं बिरडं एका ताटात खायचो. मैदानावर उतरलो की मात्र एकमेकींना आडवं पाडायचो. दोघींना एकच जागा हवी होती. त्याने मैत्रीत काही अडत नव्हतं, कारण जागा माझ्याकडे होती.

खोकला

निवड झाल्यावर मला सगळं चढ लागल्यासारखं वाटू लागलं. थोडं धावलं की धाप. खोकला तर आधीपासूनच होता. आई म्हणायची, कारखान्यात येऊन बसतेस, रंगाची धूळ गेली असेल छातीत. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, पहाटे उशी ओली असायची. वजन उतरलं तेव्हा मी खूश झाले. हलकी झाले, आता वेगाने पळेन, असं माझं गणित.

पण वेगाने पळत होती सायली. जो चेंडू मी नेहमी आधी गाठायची तो आता ती गाठायला लागली. मला वाटलं, ही चोरून जास्त सराव करते. मी तिच्या आईला आडून आडून विचारलंसुद्धा, सायली पहाटे उठते का हो काकू? माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की तिचा वेग वाढला नसून माझा कमी झाला असेल. आजारापेक्षा आधी मला सायली दिसली. हे मुद्दाम लिहितेय, कारण आमच्यासारख्या खेळणाऱ्या मुलींचं असंच होतं. आपण शेजारच्या मुलीकडे बघत राहतो आणि स्वतःचा खोकला ऐकत नाही.

तो दिवस

शिबिराला जायचं तर डॉक्टरांचा दाखला लागतो. बाबा मला पेणच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. मी राज्याच्या संघाची जर्सी घालून गेले होते. डॉक्टर बाई हसल्या, म्हणाल्या, "अरे वा, खेळाडू का?" मग पाठीला नळी लावली आणि त्यांचं हसणं थांबलं. एका बाजूला त्या परत परत ऐकत राहिल्या. एक्स-रे झाला, थुंकी तपासायला दिली.

रिपोर्ट आला त्या दिवशी त्यांनी मला नव्हे, बाबांना बसायला सांगितलं. मी उभीच होते.

"टीबी आहे. फुप्फुसाचा. छातीत थोडं पाणीही झालंय. घाबरायचं नाही, गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. पण गोळ्या मधे सोडायच्या नाहीत आणि काही महिने खेळ बंद."

"माझं पुढच्या आठवड्यात शिबिर आहे," मी म्हटलं.

"बाळ, तुला कळतंय ना मी काय म्हणतेय?"

कळत होतं. टीबीने माणसं खंगतात, हे मी ऐकलेलं होतं. पण त्या खोलीत माझ्या मनात मरणाचा विचार आला नाही. मनात आलं ते एवढंच, की आता सायली जाणार. माझी बॅग भरलेली होती आणि सायली जाणार होती. मला रडू आलं ते त्यावर. बाबांना वाटलं मी आजाराला घाबरले. ते माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले, मला मात्र तो हातसुद्धा नकोसा झाला होता.

घरी आल्यावर आईने आधी दार लावून घेतलं. मग म्हणाली, "कोणाला सांगू नको गो. गावात कळलं तर आपल्याकडचं पाणी पन कोण पिणार नाय."

नाव

दुसऱ्याच दिवशी आरोग्य खात्याच्या एक बाई घरी आल्या. त्यांच्या तोंडाला मास्क, मलाही एक दिला. गोळ्या कशा घ्यायच्या, लघवी केशरी होईल पण घाबरू नको, असं सगळं त्यांनी नीट सांगितलं. मग विचारलं, "आता मला सांग, तुझ्या अगदी जवळ कोण कोण असतं? एका खोलीत झोपणारे, एकत्र जेवणारे. त्यांना तपासायला लागेल."

"घरातली आमी तिघं," आई लगेच म्हणाली. "मी, हिचे बाबा आन् धाकटी नेहा."

"आणखी कोणी?"

आईने माझ्याकडे बघितलं. बाबांनीही बघितलं. दोघांना माहीत होतं. बाबा हळूच म्हणाले, "ती पोर परवा चाललीय शिबिराला. तिच्या बापाला मी रोज तोंड दाखवतो."

माझ्या जागी सायलीचं नाव गेलं होतं. सरांनी आदल्या दिवशीच कळवलं होतं. तिचा फोन आला होता, तो मी उचलला नव्हता. आता तिचं नाव मी सांगितलं तर तिचा एक्स-रे निघणार, थुंकी तपासणार, रिपोर्ट येईपर्यंत कोणी तिला दाखला देणार नाही. वेळ गेली तर शिबिर गेलं. आणि नाही सांगितलं, आणि तिच्या छातीतही काही असलं तर ती तिथे धावत राहणार, सगळ्या मुलींच्या मधे खोकत राहणार.

"सायली," मी म्हटलं. "रोह्याची. आम्ही एकत्र झोपायचो."

मी केलं ते बरोबर केलं, असं पुढे मला बऱ्याच जणांनी सांगितलं. त्या बाईंनीही शाबासकी दिली. पण तिचं नाव तोंडातून बाहेर पडताना माझ्या मनात काळजी होती की आणखी काही, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आजही पूर्ण सांगता येत नाही. दोन्ही होतं.

संध्याकाळी फोन आला. या वेळी मी उचलला.

"तू माझं नाव दिलंस?"

"द्यायला लागतं गं."

"परवा माझी गाडी हाय, दर्शना. आज देतेस? सर म्हणतात रिपोर्टशिवाय पाठवता येणार नाय. तुला जायला नाय मिळालं म्हणून मला पन नाय जाऊ देणार का तू?"

मागून तिच्या आईचा आवाज आला, "आमच्या ताटात जेवली ती!" मग फोन बंद झाला.

पुढचे दोन दिवस माझं लक्ष तापाकडे नव्हतं. रोह्याकडे होतं. रिपोर्ट आला तो बाबांनी कंपनीतून फोन करून सांगितला. आवाजात इतका हलकेपणा होता की मला राग आला. "सायलीचा एक्स-रे साफ हाय बघ. थुंकी पन साफ. धावतपळत गाडी पकडली म्हणे पोरीने."

मी "बरं झालं" म्हटलं. भिंतीकडे तोंड करून झोपले. तिच्या छातीत काही नव्हतं, ही चांगली बातमी होती, आणि ती चांगली बातमी मला दुखऱ्या दाढेसारखी लागली. अशी भावना दुसऱ्या कोणाला आली असेल तर तिने घाबरू नये. ती आली म्हणून माणूस वाईट होत नाही, आजारीच असतो.

अलिबाग

छातीतलं पाणी वाढलं म्हणून मला अलिबागला सरकारी रुग्णालयात ठेवलं. पाठीतून सुई घालून ते काढलं. मला वाटलं होतं पाण्यासारखं पाणी असेल. ते पिवळं होतं, फिक्या चहासारखं. सुई आत जाताना मी सिस्टरचा हात इतका आवळला की नंतर त्यांनी तो झटकला आणि म्हणाल्या, "पायात पण एवढाच जोर आहे का गं?" त्या दिवसांत मला हसवणारं हे एकच वाक्य.

वॉर्डातला दिवस ठरलेला. उजाडताच झाडू, मग फिनेलचा वास, मग चहा, मग गोळ्या. एवढ्या गोळ्या, की त्या गिळल्यावर नाश्त्याला जागा राहायची नाही. नंतर मळमळ. उलटी झाली तर गोळी बाहेर पडली का ते आई बघायची. दुपारी खिडकीतून वारा यायचा. वाऱ्याने पडदा हलला तरी मला खोकला यायचा.

माझ्या शेजारच्या खाटेवर हिराबाई म्हणून एक होत्या, मिठागरात काम करणाऱ्या. त्यांनाही हाच आजार, पण दुसऱ्यांदा. पहिल्यांदा बरं वाटल्यावर त्यांनी गोळ्या सोडल्या होत्या. मी जेवण ढकललं की त्या ताट परत माझ्यापुढे सरकवायच्या. "खा गो पोरी. मी बरी झाली म्हणून हिंडत बसली, आता बघ कशी पडलीय."

फोन माझ्याजवळ असायचा. फोनमध्ये सायली होती. शिबिराच्या निळ्या जर्सीतली, दुसऱ्या राज्यांच्या मुलींच्या खांद्यावर हात टाकलेली. मी फोटो मोठा करून बघायची. तिचे बूट नवे होते. पोटऱ्या भरल्या होत्या. मी पांघरूण वर करून माझे पाय बघितले. गुडघे तेवढे मोठे आणि बाकी सगळं गेलेलं. मग मला जो तो टोचायला लागला. जिना चढून येणाऱ्या सिस्टर, धाप न लागता बोलणारे डॉक्टर, भेटायला येऊन केळं खात बसणारी नेहा. हिराबाईंना माझ्याआधी घरी सोडलं तेव्हा मी त्यांच्याशी नीट बोललेसुद्धा नाही. त्यांनी जाताना माझ्या उशाशी चिक्कीचं पुडकं ठेवलं होतं. ते मी त्या गेल्यावर खाल्लं.

घर

घरी आले तेव्हा मला वाटलं होतं, आता सुटले. पण कठीण दिवस घरीच होते.

गावात कळलं होतं. आईला कारखान्याच्या मालकाने सांगितलं, थोडे दिवस येऊ नको. आई गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायची. तो सगळ्यात नाजूक हाताचा भाग, तिला त्याचा अभिमान होता. ती घरी बसली आणि तिचं सगळं लक्ष माझ्यावर आलं. औषध घेतलंस? अंडं खाल्लंस? तोंड झाकलंस? एक दिवस मी ओरडले, "मी मेले तर तुला कामावर घेतील परत!" आई उठली. मागल्या दारी जाऊन भांडी घासत बसली, घासलेलीच भांडी परत. बाबांनी शिफ्टवरून आल्यावर मला काही विचारलं नाही, पण दोन दिवस माझ्या खाटेजवळ बसले नाहीत.

नेहाचं तर वेगळंच. तिला आजार नव्हता, पण होऊ नये म्हणून तिलाही गोळ्या होत्या. एकदा दूध पिताना ती मला म्हणाली, "ताई, मी आजारी पडली तर मला पन रोज दोन अंडी देतील?"

"वेडी आहेस का?"

"तुला सगळे बघतात. मला कोण बघतच नाय."

ती मस्करी करत नव्हती. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी ओळखलं, कारण मी स्वतः तेच घेऊन पडून होते. मी माझ्यातलं एक अंडं तिला दिलं. आईने बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. गणपतीचा हंगाम जवळ आला तसा आईला मालकाने परत बोलावलं. डॉक्टर बाईंनी माझ्यापासून आता कोणाला लागण नाही हे बाबांना सांगितलं होतं, ते बाबांनी गावात जमेल तिथे सांगितलं. हळूहळू माणसं यायला लागली.

सामना

मला बरं वाटायला लागलं आणि तिथेच गोळ्यांचा कंटाळा आला. भूक लागत होती, खोकला गेला होता. मग रोज सकाळी मळमळून घ्यायचं कशाला? एक दिवस मी गोळ्या तळहातावर घेऊन बसले आणि आई पाणी आणायला गेली तेवढ्यात त्या उशीखाली सरकवल्या.

त्याच दुपारी सायलीचा सामना होता. तिची संघात निवड झाली होती, परदेशातली स्पर्धा, आणि ती फोनवर दिसत होती. मी ठरवलं होतं बघायचं नाही. सुरू झाल्याबरोबर बघायला बसले.

ती उत्तरार्धात मैदानावर आली. सगळी धाव माझ्या बाजूने, डाव्या रेषेवरून. मला तिचं प्रत्येक पाऊल आधीच कळत होतं. आता थांबेल, आता आत वळेल. एकदा ती एकटी पुढे गेली आणि मी ओरडले, "मधे बघ! मधे मुलगी मोकळी आहे!" तिने मधे बघितलं नाही. चेंडू बाहेर मारला. मला इतका आनंद झाला की मी खाटेवर मूठ आपटली. शेवटी शेवटी तशीच संधी आली. या वेळी तिने मान वर केली, बघितलं आणि चेंडू असा दिला की मधल्या मुलीने फक्त पाय लावला. गोल.

मी फोन उलटा ठेवला. मला खूप वेळ धड रडूही येईना. ती माझी धाव होती, असं वाटत होतं. पण ती माझी नव्हती, तिची होती. मी तर खाटेवर होते, आणि उशीखाली माझ्या गोळ्या होत्या. ती तिथे धावत असताना मी इथे हिराबाईंसारखं परत पडायची तयारी करत होते.

मी उशी उचलली आणि गोळ्या घेतल्या. मग आईला सांगितलं की सकाळच्या आत्ता घेतल्यात. आईने कपाळाला हात लावला, पण ओरडली नाही. त्यानंतर मी एकही चुकवली नाही. लोक विचारतात, एवढी जिद्द कुठून आली? देवाचं नाव घ्यावं असं मला वाटतं, पण खरं कारण सायली. तिच्यावर जळून मी त्या गोळ्या गिळल्या. ज्यांना प्रेमाने गिळता येतात त्यांनी प्रेमाने गिळाव्यात.

मैदान

गोळ्या संपल्या, एक्स-रे झाला, डॉक्टर बाईंनी "आता हळूहळू" म्हटलं. मी खाडीच्या बांधावरून चालायला लागले. मग थोडं धावणं. खूप दिवसांनी मोकल सरांनी सरावाच्या सामन्याला बोलावलं.

सायली आली होती. शिबिरं, स्पर्धा, सगळं करून. माझ्या आजारानंतर समोरासमोर आम्ही तेव्हाच पहिल्यांदा भेटलो. तिने मान हलवली, मीही हलवली. सरांनी मला तिच्या विरुद्धच्या संघात घातलं, मैदानाच्या त्याच कडेला, तिच्यासमोर.

बाकी मुली माझ्याशी काचेच्या भांड्यासारख्या वागत होत्या. मी चेंडू घेतला की वाट सोडायच्या. कोणी धक्का देत नव्हतं. एकीने तर विचारलं, "दमलीस का? बसतेस का?" मला ओरडावंसं वाटत होतं. तेवढ्यात माझ्याकडे चेंडू आला, मी वळले, आणि सायली आली ती सरळ अंगावर. चेंडू गेला आणि मी मातीत पालथी. तोंडात माती, कोपर सोललं.

"सायले!" सर ओरडले. "बघून!"

ती माझ्या डोक्याशी उभी होती. हात दिला नाही. "ऊठ," म्हणाली. "नाटकं नको."

मी उठले. सामन्याच्या मधल्या वेळात ती नळावर आली. मी कोपर धूत होते.

"मुद्दाम दिलं होतंस ना नाव?" तिने विचारलं.

"माहीत नाय. द्यायलाच लागणार होतं. पण..." मी थांबले. "पण तुझा रिपोर्ट साफ आला तेव्हा मला बरं नव्हतं वाटलं."

तिने धारेखाली हात धरले. मला वाटलं आता निघून जाईल.

"तू आजारी पडलीस हे सरांनी सांगितलं ना," ती म्हणाली, "तेव्हा मी घरी जाऊन आधी बॅग काढली. मग रडली. आधी बॅग काढली." तिने तोंडावर पाणी मारलं. "आन् तुझ्या जागी मी असती तर नाव मी पन दिलं असतं. मुद्दाम."

मी हसले. ती हसली नाही, पण तिने माझं कोपर उलटं करून बघितलं आणि त्यातला खडा नखाने काढला, दुखेल असा.

त्या वर्षी माझी निवड झाली नाही. सायलीची झाली. यादी वाचली तेव्हा मला पूर्वीइतकाच त्रास झाला, जराही कमी नाही. पण नळावरच्या त्या दिवशी, मधली वेळ संपल्याची शिट्टी वाजल्यावर आम्ही परत मैदानात गेलो, आणि पहिल्याच चेंडूला मी तिच्या अंगावरून रेषेकडे पळाले. छाती भट्टीसारखी पेटली होती. मागून तिच्या बुटांचा आवाज जवळ येत होता. मी वेग कमी केला नाही.